सुई जाईल एवढी जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज मला नोकरी लागली. लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर उद्या मलाच वाटायचं की दुपारी डोळा लागला होता. वय बहात्तर, शिक्षण तिसरी. तेही तिसरीच्या बाई लग्न होऊन गेल्या आणि वर्गच मोडला म्हणून तिथं थांबलेलं. आणि नोकरी कुठं, तर माझी नात ठकी शास्त्रज्ञ आहे तिथं, प्रयोगशाळेत.

झालं असं की ठकी आठ दिवस घरी सुतळीचे तुकडे घेऊन बसायची. म्हणायची, विणतेय. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसलं ते विणणं. एक नळी आहे, तिला बाजूनं फाटा फुटतो, त्या फाट्याशी घोडं अडलेलं. त्यांच्याकडे विणायचं यंत्र आहे, पण ते सरळ नळी विणतं. फाटा आला की बावचळतं. यंत्राला नवा हात मागवलाय, तो यायला आठ महिने. आणि ठकीचा करार संपतो मार्चअखेर. नळी झाली तर करार पुढं, नाही झाली तर ठकी घरी. हे तिनं मला पाच वेळा सांगितलं, जसं काही तो हात उशिरा मीच मागवला.

शेवटी म्हटलं, दे इकडे. चाळीस वर्षं मी वेताच्या खुर्च्या विणल्या. खुर्चीचा हात पाठीला मिळतो तिथं दुसरं काय असतं? फाटाच की. चहाला उकळी येईस्तोवर झाला. ठकीनं माझा फोटो काढला. तोंडाचा नाही, हातांचा.

आता गळ्यात कार्ड आहे. त्यावर लिहिलंय, तात्पुरती सहायक. तात्पुरते तर आपण सगळेच, पण लिहून दिलं हे बरं केलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पांढरा डगला घातला, टोपी घातली, हातमोजे घातले. नंतर विणता येईना म्हणून हातमोजे काढले. त्यावर एक मीटिंग झाली. चार शिकलेली माणसं अर्धा तास बसली आणि ठरलं की आजीनं हात धुवून विणावं. एवढं तर आमची आईसुद्धा सांगायची, तेही मीटिंग न घेता.

सूत काळं आहे, केसाहून बारीक, पाचशे पदर एकत्र. चाकूला धार लावायच्या दगडात जे असतं तेच म्हणे, पण ओढून केस केलेलं. झोकात वळवलं तर वळतं, दुमडलं की मोडतं. स्वभावाला माझ्या धाकट्या जाऊसारखं.

हे कशाला, तर माणसं सूर्याच्या पोटात जे जळतं ते भट्टीत जाळायला निघालीत. त्या भट्टीला आतून अस्तर पाहिजे, नळ्या पाहिजेत. लोखंड तिथं आजारी पडतं, असं ठकी म्हणाली. चिनी मातीची भांडी आग सोसतात, पण कप पडला की खळ्ळकन गेला. मग युक्ती अशी, की दगडाच्याच सुताची नळी विणायची, सुताला काजळीचा अगदी पातळ हात द्यायचा, आणि मग बंद भट्टीत तीन आठवडे वाफ सोडायची. वाफ विणीत शिरते आणि सुताभोवती दगडाची साय धरते. सूतही दगडाचं, सायही दगडाची. तडा जायला निघाला की वाटेत सूत आडवं येतं, काजळीमुळे जरासं सरकतं, आणि तडा तिथंच थकतो. मी म्हटलं, म्हणजे थोडं सैल नातं असलं की घर तुटत नाही. ठकी म्हणाली, आजी, हे मी प्रबंधात दोनशे पानांत लिहिलंय.

मला वाईट वाटलं. दोनशे पानं म्हणजे केवढे कष्ट.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिली नळी विणून झाली. वीतभर लांब, बाजूला फाटा. सुई जाईल एवढी जागा सगळीकडे सोडली. ओला वेत वाळला की आवळतो, तेव्हा खुर्चीला जागा सोडली नाही तर चौकट तडकते. इथं वेत नाही, पण वाफेला आत जायला वाट नको का? ठकीच्या कागदावरही तेच आकड्यात आहे.

जाऊला फोन केला. म्हटलं, सूर्याच्या अस्तराचं काम घेतलंय. ती म्हणाली, शिवणकाम का, बरं झालं, रिकामं डोकं वाईट. ही बाई स्वर्गात गेली तरी म्हणेल, पंखा नाही का.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज मोठे साहेब आले. नाव मोठं आहे, मी मनात इस्त्रीसाहेब ठेवलंय. सदऱ्याला अशी घडी, की बोट लागलं तर कापावं. बोलताना आधी समोरच्या काचेत स्वतःला बघतात आणि मग आपल्याला.

त्यांच्या खोलीत फळा आहे. त्यावर साऱ्या जगातल्या प्रयोगशाळांचे आकडे लिहिलेत, नळीत शंभर भागांत सूत किती भरलं त्याचे. आपला आकडा चाळीस. कुणाचा तरी पंचेचाळीस. साहेबांना पन्नास पाहिजे. मार्चमध्ये वरचे पाहुणे यायचेत, त्यांना पन्नास दाखवायचा आहे. माझी नळी त्यांनी चिमट्यानं उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, हे मासे धरायचं जाळं आहे का? घट्ट विणा, आजी. एक भोक दिसता कामा नये.

मी म्हटलं, साहेब, वाट बुजली तर वाफ आत कशी जाणार? ते हसले. म्हणाले, आजी, ही खुर्ची नव्हे. ठकीनं तोंड उघडलं, तर म्हणाले, तुमच्या कराराचं मी बघतोच आहे. ठकीनं तोंड मिटलं. बघा, किती काळजी माणसाला.

माझी नळी उसवायला लावली. उसवताना सूत पटापट तुटलं. पाच दिवसांचं काम पाच मिनिटांत केरात.

शनिवार, १५ फेब्रुवारी

इतके मोठे साहेब, पण रोज सकाळी माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसतात. स्वतःच्या हातानं सूत ओढून दाखवतात, अजून घट्ट, अजून घट्ट. बाह्यांना काळे केस चिकटतात, इस्त्री मोडते, पण तक्रार नाही. जावयानंसुद्धा माझ्यासाठी इतकी इस्त्री मोडली नव्हती.

भट्टीवाला मात्र तोंडाळ. तो भट्टी चालवतो, चार माणसांएवढा एकटा, आणि बोलतो मोजकं पण झोंबणारं. आज साहेबांसमोर म्हणाला, साहेब, ही नळी वरून झाकण घालेल आणि आत पोकळ राहील. मागं दोनदा झालंय. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच सांगितलं की तुम्ही बटणं दाबा. मला साहेबांचा संयम आवडला.

नळी झाली. दिसायला अशी देखणी, की मीच माझ्या हाताची दृष्ट काढावी. पण मनात रुखरुख आहे. आमच्याकडे असली घट्ट खुर्ची गिऱ्हाईक हौसेनं न्यायचं आणि उन्हाळ्यात परत आणायचं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नळी भट्टीत गेली. आता तीन आठवडे काही नाही. साहेबांनी फळ्यावर आजच पन्नास लिहून टाकला. बारशाआधी पाटी. मला कार्ड आहे म्हणून मी रोज जाते. बसते. आज एका मुलीला गाठ मारायला शिकवली. चार परीक्षा पहिल्या नंबरात पास झालीय, गाठ मात्र बुटाच्या लेसचीच येत होती.

मंगळवार, ११ मार्च

नळी बाहेर आली. काळी, तुकतुकीत, वाजवली तर घंटेसारखी. साहेबांनी ती मऊ फडक्यावर ठेवली आणि तिच्याबरोबर फोटो काढले. तिच्याबरोबर, बरं का, माझ्याबरोबर नाही. नळीनं काय केलं होतं?

ठकी म्हणाली, आतून तपासून घेऊ, किरणांच्या यंत्राखाली. साहेब म्हणाले, पाहुणे गेल्यावर. भट्टीवाल्यानं नळी हातात घेतली, तळव्यावर वर-खाली केली आणि परत ठेवली. जाताना मला एवढंच म्हणाला, हलकी आहे.

मी म्हटलं, हलकी असली तर बरंच की. तो मान हलवून भट्टीकडे गेला.

शुक्रवार, १४ मार्च

पाहुणे सात आले. सगळ्यांच्या गळ्यात कार्डं, माझ्यापेक्षा मोठी. साहेब तासभर बोलले. पन्नास हा शब्द मी वीस वेळा मोजला, मग हातापायांची बोटं संपली म्हणून सोडलं.

नळी दाबयंत्रात ठेवली. चांगली नळी दाबली की आधी कुरकुरते. एकेक सूत सरकतं, थकतं, पण नळी तुटत नाही, असं ठकीनं मला सांगितलं होतं. म्हणजे माझ्या गुडघ्यासारखं. सगळे कान देऊन उभे.

ही कुरकुरलीच नाही. टक्क, एवढाच आवाज. दोन तुकडे. आत बघितलं तर मधलं सूत जसंच्या तसं, कोरडं, वाफ पोचलीच नव्हती. वरची साय तेवढी कपच्यांसारखी सुटून पडली. एक पाहुणे खाली वाकून म्हणाले, हे तर नुसतं साल आहे. साहेब म्हणाले, सविस्तर कारणमीमांसा करू. मग सगळ्यांना चहा दिला. बिस्किटं चांगली होती, पण मला एकही गेलं नाही.

घरी येताना बसमध्ये ठकीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. लहानपणी ताप आला की ठेवायची तसं.

रविवार, १६ मार्च

आज इतका चांगला दिवस गेला की परवाचं सगळं विसरले. ठकी बाहेर गेली होती, आणि दारात कोण, तर इस्त्रीसाहेब. हातात सफरचंदं. आमच्या दोन खोल्यांत, मी विणलेल्या खुर्चीत, ते टेकले. चहा घेतला. म्हणाले, आजी, झालं ते झालं, एक छोटासा कागद राहिलाय.

मी चष्मा लावून सावकाश वाचला. अक्षर लावत वाचते म्हणून वेळ लागतो, साहेब घड्याळ बघत होते पण रागावले नाहीत. आणि काय सांगू, कागदावर माझंच सगळं बोलणं. विणीत जागा सोडावी. सूत ओढून घट्ट करू नये. वाफेची वाट बुजू देऊ नये. एक, दोन, तीन आकडे घालून, छापून. खाली साहेबांची सही, ठकीचं नाव कामावर देखरेख म्हणून, आणि शेवटी ‘वरील सूचना मला समजल्या’ असं लिहून माझ्यासाठी रेघ.

मला भरून आलं. पटलं म्हणायचं अखेर. एवढा मोठा माणूस, आपली चूक छापून घरी घेऊन येतो. मी म्हटलं, साहेब, समजल्यात म्हणजे काय, मीच तर सांगत होते. ते म्हणाले, हो हो, इथं सही करा. वळणदार केली. अंगठा नाही, सही.

सफरचंदं मात्र पिठूळ निघाली.

सोमवार, १७ मार्च

ठकीला पत्र मिळालं. चौकशी होणार म्हणे. तिनं देखरेख नीट केली नाही, लेखी सूचना असूनही काम चुकलं, वगैरे. करार पुढे चालू ठेवण्याचा विचार चौकशीनंतर.

मी तिला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, साहेब आपल्या बाजूचे आहेत. काल घरी आले होते, असा असा कागद, मी सही केली. ठकी उभी होती ती खाली बसली. मग म्हणाली, छान केलंस आजी. आणि उठून एकच भांडं तीनदा घासलं.

माझ्यापासून काहीतरी लपवतेय. प्रेमाबिमाचं असावं.

गुरुवार, २० मार्च

ठकीनं पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. विचारलं तर म्हणते, आवरतेय. हिच्या आयुष्यात हिनं कधी काही आवरलेलं नाही. पण आता माझ्याही लक्षात आलं, पोर नोकरी जाणार म्हणून बसलीय.

मी ठरवलं. चौकशीला मलाही बोलावलंय. तिथं साहेबांची इतकी स्तुती करायची, इतकी करायची, की ती त्यांच्या कानावर गेलीच पाहिजे. वरच्याला खूश केलं की खालच्याचं भलं होतं. ही दुनियेची रीत मला तिसरीतच कळली होती, फळा पुसायला नेहमी मीच असायचे.

सोमवार, २४ मार्च

चौकशी झाली. एक बाई होत्या, केस आखूड, पेन जाड, हसणं बेताचं. शेजारी आणखी दोघं नुसते होकार द्यायला. साहेबही बसले होते, नवी इस्त्री.

बाईंनी विचारलं, काम कसं चालायचं? मी म्हटलं, साहेबांसारखा माणूस नाही. आणि सुरुवात केली. रोज सकाळी स्टूल घेऊन शेजारी बसायचे, हे सांगितलं. चिमटा हातात घेऊन स्वतः सूत ओढायचे, भोक दिसू नये म्हणून किती जीव टाकला, हे सांगितलं. माझी पहिली नळी सैल होती ती कशी न रागावता उसवायला लावली, तेही. भट्टीवाला पोकळ राहील म्हणाला तेव्हा कसे शांत राहिले, तेही. ठकी बोलायला गेली तर लगेच तिच्या कराराची आठवण ठेवून बोलले, इतकं लक्ष. मग जाऊची गोष्ट निघाली, ती का निघाली ते आठवत नाही. होकार देणारे दोघं होकार द्यायचं विसरले.

साहेब म्हणाले, आजींचं वय बघता... बाईंनी हात वर केला.

मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, “म्हणजे विणीत जागा सोडायची, हे साहेबांनी तुम्हाला सांगितलं होतं?”

मी म्हटलं, “सांगितलं म्हणजे काय, छापून दिलं. शेवटी पटलंच त्यांना. नळी फुटली शुक्रवारी, आणि रविवारी स्वतः सफरचंदं घेऊन घरी आले. चूक मान्य करायला मन मोठं लागतं, बाई.”

बाईंचं पेन थांबलं. “नळी फुटल्यानंतर आले? हा कागद घेऊन?”

“हो तर. त्याआधी कसे येतील? त्याआधी त्यांना घट्टच पाहिजे होती.”

बाईंनी कागद फिरवून वरची तारीख मला दाखवली. दहा फेब्रुवारी. मी म्हटलं, तेव्हा तर साहेब माझ्या कामावर आलेही नव्हते, बाराला आले. कामाच्या रगाड्यात तारखा चुकतात, बिचाऱ्यांना फार व्याप. मी साहेबांकडे बघून हसले. त्यांनी काचेकडेही बघितलं नाही.

बाहेर ठकी बाकावर होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी साहेबांना डोक्यावर घेऊन नाचले आत. तिनं डोळे मिटून घेतले. माझी नात मला वेडी समजते, पण म्हातारपणी हे चालायचंच.

सोमवार, ३१ मार्च

करार संपायचा दिवस. ठकीनं सकाळी खोकं दारात आणून ठेवलं होतं. अकराला फोन आला. नळीचं काम पूर्ण होईपर्यंत करार चालू. ठकीनं फोन ठेवला, मला उचलायला गेली आणि दोघी पडलो. माझ्या कमरेत चमक भरली ती अजून आहे.

इस्त्रीसाहेबांची बदली झाली. मागच्या इमारतीत, जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. मी म्हटलं ठकीला, एवढ्या स्तुतीचं हे फळ? ठकी हसत सुटली. पोट धरून. भट्टीवाला म्हणाला, आजी, तुमच्याइतकी गोड सुरी मी पाहिली नाही. कसली सुरी ते त्यानं सांगितलं नाही. मी त्या कागदाचा पुन्हा विचार केला, दोनदा केला. काहीतरी वाकडं होतं खरं. पण सगळंच समजून घेतलं तर झोप कशी लागणार.

भेटायला मात्र गेले. साहेबांनी दार अर्धं उघडलं आणि म्हणाले, आता काय आणखी? सदऱ्याला सुरकुती होती. मी म्हटलं, बसायला खुर्ची बरी नाही तुमची, विणून देईन. दार बंद झालं.

मंगळवार, २९ एप्रिल

नवी नळी. माझी, जागा सोडलेली, आकडा चाळीसच. पाहुणे नाहीत, भाषण नाही. ठकी, भट्टीवाला, ती गाठवाली मुलगी आणि मी. दाबयंत्र लागलं. नळी कुरकुरायला लागली. बारीक, मग जास्त, मग थांबून पुन्हा, एखादी म्हातारी जिना चढावी तशी. दाबाचा आकडा वर वर गेला, पहिली फुटली त्याच्याही पुढं, तिथून दुपटीच्या पुढं. यंत्र थांबवावं लागलं. नळी वाकडी झाली, पण एकसंध.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भट्टीवाल्यानं टोपी काढली आणि परत घातली. ठकी नुसती आकड्याकडे बघत होती आणि तिचा हात माझ्या हातात होता.

सोमवार, ५ मे

ठकीला तीन वर्षांचा करार. खोक्यातली पुस्तकं परत फळीवर, म्हणजे जमिनीवर.

आणि आज दारावर नवा कागद लागला. नवे साहेब आलेत, टक्कल आहे, इस्त्री बेताची. कागदावर लिहिलंय, विणीत सुई जाईल एवढी जागा सोडावी. खाली मोठ्या अक्षरात नव्या साहेबांचं नाव, आणि लिहिलंय, ही पद्धत त्यांनी विकसित केली. ठकी संतापली. म्हणाली, आजी, तुझं नाव नको तिथं? आत्ता जाऊन सांगते.

मी तिला बसवलं. म्हटलं, अगं, तुझे आजोबा चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून खुर्च्या विणत होते, त्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. इथं दोन महिन्यांत दोन साहेबांना पटलं. सही तर मी आधीच केलेली आहे.